दांडपट्ट्याची कुळकथा

पांढरेपाणी गाव मागे टाकून विशाळगडाकडे निघालं, की शाहूवाडीच्या जंगलात पावनखिंड लागते. १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभू देशपांडे बांदलांच्या मावळ्यांसह इथे उभे राहिले, तेव्हा ती घोडखिंड होती. पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटलेले शिवाजी महाराज विशाळगडाकडे जात होते आणि मागून सिद्दी मसूदची फौज येत होती. परंपरेने बाजींच्या हाती दिलेलं हत्यार म्हणजे दांडपट्टा, तोही दोन्ही हातांत.

पट्ट्याचं मूळ कट्यारीत आहे, असं शस्त्रांचे बहुतेक अभ्यासक मानतात. तलवारीची मूठ पात्याच्या रेषेत असते, कट्यारीची आडवी. त्यामुळे मुठीतला सगळा जोर सरळ टोकाशी जातो, पण बोटांचे सांधे उघडे राहतात. दक्षिणेत, विजयनगर आणि तंजावरकडे, या सांध्यांवर पोलादी झाकण आलं. पुढे ते वाढत कोपरापर्यंत गेलं आणि वीतभर पात्याच्या जागी लांब, दुधारी, लवचिक पातं बसलं. हाताला कवच देणाऱ्या या भागाला आखाड्यात खोबळा म्हणतात. आत आडवी मूठ, वर कोपराजवळ हात धरून ठेवणारी पट्टी. कित्येक पट्ट्यांची पाती युरोपातून आलेली आहेत. अशा पात्याला आपल्याकडे फिरंग म्हणत.

पट्टा हाती चढला की मनगट बांधलं जातं. तलवारीसारखं मनगट वळवून वार अडवता येत नाही. वार खांद्यातून आणि कंबरेतून निघतो. म्हणूनच पट्टेकरी थांबत नाही, फिरत राहतो. त्याच्या भोवती पात्याचा घेर तयार होतो आणि त्या घेरात शत्रूला शिरता येत नाही, तसंच आपल्या माणसालाही शिरता येत नाही. मोकळ्या मैदानात अशा माणसाला चारी बाजूंनी घेरता येईल. खिंडीत दोन्ही बाजूंना कडे असतात, समोरून थोडेच जण एका वेळी येऊ शकतात. एक माणूस आणि दोन पाती एवढ्यावर वाट अडते. मला वाटतं, परंपरेने बाजींना हेच हत्यार दिलं त्यामागे लढणाऱ्यांचा जाणतेपणा आहे.

पट्टा फक्त मराठ्यांचा नव्हता. १० नोव्हेंबर १६५९ला प्रतापगडाखाली महाराजांवर धावलेल्या सय्यद बंडाच्या हातीही पट्टाच होता, असं बखरी सांगतात. जिवा महालाने त्याला तिथेच रोखलं.

तोफा-बंदुकांच्या काळात रणातून गेलेला पट्टा कोल्हापूरच्या तालमींनी मर्दानी खेळात टिकवला. आधी लाठी, फरीगदगा, मग पट्टा. जमिनीवर ठेवलेलं लिंबू फिरत्या पट्ट्याने अचूक कापणं ही त्यातली मोठी परीक्षा. कसलेला पट्टेकरी तेच लिंबू माणसाच्या तळहातावरूनही कापतो. फेब्रुवारी २०२४मध्ये दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र जाहीर झाला. हा मान मिळाला, आता वस्तादांना मानधन आणि शाळांच्या पटांगणात तासही मिळायला हवेत. शाहूवाडीच्या शाळांपासून सुरुवात व्हावी. खिंड त्यांच्याच तालुक्यात आहे.