मंगलोरी कौलाची कुळकथा

कोकणातल्या जुन्या घरावरचे मंगलोरी कौल काढून उलटे केले, तर कधीकधी त्यावर इंग्रजी अक्षरांत ‘बासेल मिशन टाइल वर्क्स’ आणि १८६५ असा ठसा आढळतो. त्यावरून पुष्कळजण घराचे वय सांगतात. साल मात्र कारखान्याचे आहे. मंगळूरला जेप्पू येथे, नेत्रावतीच्या परिसरात, तो त्या वर्षी सुरू झाला. कौलाचे कूळ शोधायचे तर आणखी तीस वर्षे मागे जावे लागते, आणि तिथे मातीआधी ताडीची गाठ पडते.

बासेल हे स्वित्झर्लंडमधले शहर. तिथले मिशन १८१५ सालचे, पण त्याचे बरेचसे उपदेशक जवळच्या जर्मन व्युर्टेंबर्गमधल्या शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या घरांतले. १८३३च्या सनदी कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात बिगरब्रिटिश मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली आणि पुढच्याच वर्षी हेबिख, लेनर व ग्राइनर हे तिघे मंगळुरात उतरले. त्यांच्याकडे वळलेल्या लोकांत बिल्लव जातीचे पुष्कळ होते. ताडी काढणे हा त्यांचा पिढीजात धंदा. बाप्तिस्मा घेतला की भाऊबंद तुटायचे, अनेकदा कसायची जमीनही जायची. ताडीचा धंदा तर मिशनलाच मंजूर नव्हता. श्रद्धा बदलली आणि चूल बंद पडली.

धर्मांतराविषयी कोणाचे काहीही मत असो, पुढे जे घडले ते मला फार मोलाचे वाटते. या कुटुंबांना नुसता शिधा वाटत राहावे, हे त्या उपदेशकांना पटण्यासारखे नव्हते. ते भक्तिवादी प्रोटेस्टंट परंपरेत वाढलेले. धर्म सांगत हिंडणारा बायबलमधला पौल तंबू शिवून पोट भरत असे, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. हातांनी राबणे ही त्यांच्या लेखी उपासनाच होती, आणि ज्याला शास्त्र वाचायचे त्याला अक्षर यायलाच हवे, ही दुसरी निष्ठा. म्हणून शाळा आणि कामाची शेड यांची वाढ तिथे बरोबरीने झाली. १८४१मध्ये शिळाछापखाना आला. १८४३मध्ये मिशनच्याच म्योग्लिंगने ‘मंगळूर समाचार’ काढला. कन्नडमधले ते पहिले वृत्तपत्र. गुंडर्टचा मल्याळम कोश आणि किटेलचा कन्नड कोश हे याच मिशनमधल्या माणसांचे कष्ट.

धंदा मात्र सहज सापडला नाही. शेती करून पाहिली, घड्याळे बनवून पाहिली, दोन्हींत यश आले नाही. १८५१च्या सुमारास मिशनच्या हालरने सुरू केलेले विणकाम टिकले, पण सगळ्यांच्या हातांना ते पुरणारे नव्हते. तेव्हा गेओर्ग प्लेब्स्ट पुढे आला. तो छापखान्याचा माणूस; मातीकाम त्याने नंतर शिकून घेतले. नेत्रावतीच्या खोऱ्यातली चिकण माती लोहयुक्त, भाजल्यावर लाल होणारी. साचा मात्र युरोपातला. बासेलपासून जवळच, अल्सासमधल्या आल्टकिर्च गावी गिलार्डोनी बंधूंनी १८४१मध्ये एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचे पेटंट घेतले होते. माती मळायची, दाबयंत्रात साच्यात दाबायची, सावलीत सुकवायची आणि भट्टीत भाजायची. कौलाच्या एका कडेला खाच, दुसरीला कंगोरा, आणि रिपेवर टेकायला मागे नाक.

या खाचेचे महत्त्व कोकणाला सांगायला नको. कुंभाराची नळीची कौले नुसती एकमेकांवर टेकलेली असत. वारा, माकडे, मांजरे यांनी ती सरकत आणि दर उन्हाळ्यात घर शाकारावे लागे. अडकणारे कौल जागेवर राहते. शिवाय दुहेरी थर लागत नाही, म्हणून वाशांवरचा भारही कमी होतो. गलबतांतून ही कौले मुंबईपर्यंत चढत गेली. १८६८मध्ये आल्बुकर्क नावाच्या उद्योजकाने खाजगी कारखाना काढला आणि पुढे नेत्रावती व गुरुपूर नद्यांच्या काठी भट्ट्यांची रांग लागली. मिशननेही मलबारात कालिकत, पालघाटकडे कारखाने वाढवले.

सगळे गोड नव्हते. उपदेशकाने नफ्यातोट्याचे हिशेब लिहावेत का, यावर बासेलमध्ये वाद होत राहिले. मालक आणि पाळक एकच असल्याचा जाचही कामगारांना झाला असणार. ज्याच्याकडे पगार मागायचा त्याच्याच चर्चमध्ये रविवारी बसायचे. तरीही वेगवेगळ्या जातींची माणसे एका भट्टीवर राबू लागली, बायकाही रोजंदारीवर आल्या, हे त्या किनाऱ्यावर साधे नव्हते.

१९१४च्या युद्धाने जर्मन माणसे शत्रू ठरली. मिशनरी नजरकैदेत गेले. त्यांच्यातल्या अनेकांची रवानगी अहमदनगरच्या छावणीत झाली. युद्धानंतर कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. पण तोवर कौल पाडण्याची विद्या मिशनपुरती उरलेली नव्हती. मिशनशी कसलाही संबंध नसलेल्या कारखान्यांत ती पोचली होती, आणि त्यांच्या भट्ट्या चालूच राहिल्या.