मुलांचा आरोग्य विमा: वेगळी पॉलिसी घ्यावी की कुटुंबाच्या पॉलिसीत नाव घालावं?

उल्हासनगर कॅम्प २ मधल्या गजानन मार्केटमध्ये कपड्यांचं दुकान चालवणारा, त्याच दुकानात पगारावर काम करणारा आणि रोज लोकलने मुंबईतल्या कंपनीत जाणारा, या तिघांची मुलं एकाच वर्गात असू शकतात. पण मूल रुग्णालयात दाखल झालं तर बिल कोण भरणार, याचं उत्तर तिघांसाठी वेगळं आहे. म्हणून पॉलिसी निवडण्याआधी पहिला प्रश्न कंपनीचा नाही, तर घरात आधीच काय आहे याचा.

आधीच कोणतं संरक्षण मिळतंय?

कंपनीत नोकरी असेल तर गट विमा असतो. त्यात मुलांची नावं आहेत का, हे एचआरला विचारा. अनेकदा नाव आपोआप जात नाही, आपण कळवावं लागतं. आणि नोकरी सुटली की हा विमाही सुटतो.

पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि पगारातून ईएसआयसीची कपात होत असेल, तर अवलंबून असलेल्या लहान मुलांवरही योजनेत उपचार होतात. कर्मचाऱ्याच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. कामगार विमा रुग्णालय उल्हासनगरमध्येच आहे. लहान दुकानांतल्या कामगारांची मात्र अशी कपात बहुधा होत नाही.

तिसरा आधार सरकारी. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. हृदयशस्त्रक्रिया, कॅन्सर यांसारख्या मोठ्या उपचारांसाठी हा फार मोठा आधार आहे. पण दोन अटी लक्षात ठेवा: रुग्णालय योजनेच्या यादीत हवं आणि उपचारही यादीत हवा. गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये तापासाठी चार दिवस ठेवलं, तर ते बिल बहुतेक वेळा खिशातूनच जातं. खासगी विम्याची गरज मुख्यतः इथे लागते.

वेगळी पॉलिसी की फ्लोटर?

बहुतेक कंपन्या १८ वर्षांखालच्या मुलाला एकट्याला पॉलिसी देत नाहीत. आई किंवा वडील सोबत लागतात. त्यामुळे बहुतांश घरांसाठी ‘फॅमिली फ्लोटर’ म्हणजे सगळ्यांची मिळून एक विमा रक्कम, हाच मार्ग असतो. त्याचा हप्ता साधारणपणे घरातल्या सर्वात मोठ्या व्यक्तीच्या वयावर ठरतो, त्यामुळे मुलाचं नाव वाढवल्याने हप्ता फारसा वाढत नाही. आजी-आजोबांना मात्र त्याच फ्लोटरमध्ये घातलं, तर सगळ्यांचाच हप्ता चढतो. त्यांची पॉलिसी वेगळी ठेवलेली बरी.

फ्लोटरचा तोटाही समजून घ्या. ५ लाखांपैकी ४ लाख वडिलांच्या उपचारांवर गेले, तर वर्षभरासाठी मुलाच्या वाट्याला १ लाख उरतो. काही पॉलिसींमध्ये संपलेली रक्कम पुन्हा भरली जाते. ती त्याच आजारासाठी वापरता येते का, हे विचारा.

विमा एजंट ‘चाइल्ड प्लॅन’ म्हणत असेल तर थांबा. आयुर्विमा कंपन्यांचे हे प्लॅन शिक्षणासाठी बचत करायचे असतात. रुग्णालयाचं बिल त्यातून भरलं जात नाही.

हप्त्याबाबत एक दिलासा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे.

बाळाचं नाव कधी घालायचं?

अनेक पॉलिसींमध्ये बाळ ३ महिन्यांचं झाल्यावर नाव घालता येतं. पहिल्या दिवसापासून संरक्षण हवं असेल, तर प्रसूती आणि नवजात बाळाचं संरक्षण देणारी पॉलिसी आधीच घेतलेली हवी. प्रसूतीच्या लाभासाठी प्रतीक्षा काळ असल्याने दिवस गेल्यावर घेतलेली पॉलिसी सहसा कामी येत नाही.

नाव घालायला उशीर करू नका, कारण प्रत्येक सदस्याचा प्रतीक्षा काळ त्याचं नाव आल्यापासून मोजला जातो. पहिल्या ३० दिवसांत अपघात सोडून इतर आजारांचा क्लेम मिळत नाही. ठरावीक आजारांसाठी जास्त थांबावं लागतं. उदाहरणार्थ, सगळ्या कंपन्यांकडे मिळणाऱ्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत टॉन्सिल, ॲडेनॉइड आणि हर्नियाच्या शस्त्रक्रियांसाठी २४ महिने थांबावं लागतं. ही सगळी लहान मुलांमध्ये नेहमी होणारी ऑपरेशन्स आहेत. आधीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ३ वर्षांचा असू शकतो.

दुभंगलेला ओठ, वाकडी पावलं अशा जन्मजात, बाहेरून दिसणाऱ्या दोषांचा खर्च खासगी विमा सहसा देत नाही. त्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात अंगणवाडी आणि सरकारी, अनुदानित शाळांतल्या १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि पुढचे उपचार मोफत मिळतात. कॅम्प ३ मधल्या शासकीय मध्यवर्ती रुग्णालयात याची चौकशी करता येते.

खोलीभाड्याची मर्यादा एवढी महत्त्वाची का?

पैसे कापले जाण्याचं हे मोठं कारण आहे. समजा, आरोग्य संजीवनीची १.५ लाखाची पॉलिसी आहे. तिच्यात खोलीभाडं विमा रकमेच्या २ टक्के, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये मिळतं. (कितीही मोठी पॉलिसी असली तरी कमाल ५,०००.) मुलाला ४ दिवस ४,५०० रुपयांच्या खोलीत ठेवलं.

खोलीचे १८,००० झाले, मिळतील १२,०००. डॉक्टरांचे ३६,००० झाले, पण तेही त्याच प्रमाणात कापून २४,००० मिळतील. औषधं आणि तपासण्यांचे २०,००० पूर्ण धरले जातील, कारण त्यांना ही कपात लागत नाही. एकूण ५६,०००. त्यातून ५ टक्के को-पे म्हणजे २,८०० वजा. ७४,००० च्या बिलात हातात येतील ५३,२०० आणि घरून भरावे लागतील २०,८००.

म्हणून दाखल करताना आधी आपल्या मर्यादेतली खोली मागा. आणि पॉलिसी घेताना खोलीभाड्याला मर्यादा नसलेली किंवा ‘सिंगल खोली’ देणारी पॉलिसी परवडते का, ते पाहा.

कोणतं रुग्णालय यादीत आहे?

‘देशभरात हजारो रुग्णालयं’ या जाहिरातीपेक्षा तीन नावं महत्त्वाची: चालत किंवा रिक्षाने पोहोचता येईल असं लहान मुलांचं रुग्णालय, कल्याण-डोंबिवलीतलं एक मोठं रुग्णालय आणि मुंबईतलं एक. गंभीर आजारी मुलाला शेवटी मुंबईलाच न्यावं लागू शकतं. काही कंपन्या पत्त्यानुसार हप्ता कमी ठेवतात आणि महागड्या शहरात उपचार घेतल्यास काही टक्के रक्कम कापतात. उल्हासनगरचा पत्ता कोणत्या गटात धरला आहे, हे लेखी विचारा.

फॉर्म कोण भरतोय?

बाळ काचेच्या पेटीत होतं, झटके आले होते, दमा आहे, यातलं काहीही लपवू नका. फॉर्म एजंट भरत असला तरी सही आपली असते. लपवलेली माहिती क्लेमच्या वेळी बाहेर येते. सलग ५ वर्षं पॉलिसी चालू राहिल्यावर मात्र, फसवणूक वगळता, कंपनी या कारणावरून क्लेम नाकारू शकत नाही.

पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत ती वाचून नको असल्यास परत करता येते. या दिवसांत मुलाचं नाव, जन्मतारीख, खोलीभाडं, को-पे आणि प्रतीक्षा काळ एवढ्या पाच गोष्टी तपासल्या तरी पुष्कळ.

क्लेम अडला तर?

कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने १ तासात, तर डिस्चार्जच्या वेळी ३ तासांत निर्णय द्यावा, असा विमा नियामक आयआरडीएआयचा २०२४ चा नियम आहे. नकार आला तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. ३० दिवसांत उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ची हेल्पलाइन १५५२५५ आहे. महात्मा फुले योजनेच्या चौकशीसाठी १५५३८८. दोन्ही नंबर आजच आई आणि बाबा, दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा.