कढण, सूप आणि पाणी

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं एक लहानसें भांडण झालें. धाकट्या मुलीचा ताप सातव्या दिवशीं उतरला आणि डॉक्टर जातां जातां म्हणाले, "आतां हलका आहार द्या, सूप वगैरे चालेल." या 'वगैरे'नें सारा घोटाळा केला. थोरल्या मुलानें बाजारांतून सुपाचीं पाकिटें आणलीं. मातुःश्रींनीं त्याच वेळीं मूग भिजत घातले होते. "आजी, तुझ्या कढणांत असतें काय? नुसतें पाणी!" असें नातवानें म्हणतांच त्या म्हणाल्या, "आणि तुझ्या पाकिटांत रे? तेंहि पाण्यांतच कालवायचें ना?" निवाड्यासाठीं दोघांनीं माझ्याकडे पाहिलें. मी इतिहासाचा अध्यापक. वैद्यक मला येत नाहीं आणि स्वयंपाक त्याहून येत नाहीं. तेव्हां मीं नेहमींप्रमाणें पुस्तकांचा आश्रय केला, आणि असें आढळून आलें कीं या दोघांचें भांडण मुळींच नवें नाहीं. वाटींतलें पाणी कोठें संपतें आणि अन्न कोठें सुरू होतें, या प्रश्नावर युरोपांतील मोठमोठे शास्त्रज्ञ, सरदार आणि आचारी शंभरांहून अधिक वर्षें चुकत आले होते. त्या चुकांची हकीकत उद्बोधक आहे, म्हणून ती येथें सांगतों.

प्रथम शब्दांची ओळख करून घेऊं. धान्य, कडधान्य किंवा मांस शिजवून काढलेल्या रसाला संस्कृतांत 'यूष' म्हणतात. हा शब्द ऋग्वेदाइतका जुना आहे. पहिल्या मंडलाच्या १६२ व्या सूक्तांत यूष ओतण्याच्या पात्रांचा उल्लेख येतो. लॅटिनमध्यें रश्श्याला 'यूस' म्हणत, तो याचाच सख्खा भाऊ. इंग्रजींतील 'ज्यूस' हा त्या लॅटिन शब्दाचा वंशज, आणि रशियांत माशांचें जें 'उखा' करतात तेंहि याच कुळांतलें. इंग्रजी 'सूप' मात्र निराळ्या घराण्यांतला आहे. तो फ्रेंचांतून आला, व त्याचा मूळ अर्थ रश्श्यांत भिजविलेला पावाचा तुकडा असा होता. तेव्हां संस्कृतांत वरणाला 'सूप' म्हणतात एवढ्यावरून दोहोंचें नातें जोडण्याचा मोह आवरावा हें बरें. परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. युरोपांत हें नांव आधीं तुकड्याचें होतें. पाण्याचें तें मागाहून झालें.

आपल्याकडे या विषयाची सर्वांत व्यवस्थित मांडणी चरकसंहितेंत आहे. वमन-विरेचनादि उपचारांनीं रोग्याचा अग्नि मंद झालेला असतो. त्यास पायरीपायरीनें नेहमींच्या जेवणावर कसें आणावें, हें तेथें सांगितलें आहे. यास संसर्जनक्रम म्हणतात. प्रथम पेया, म्हणजे थोडीं शितें असलेली पातळ पेज. मग विलेपी, म्हणजे शितें अधिक आणि पाणी कमी अशी दाट पेज. त्यानंतर यूष, पहिल्यानें अकृत म्हणजे तूप, मीठ व मसाला न घातलेला, आणि मग कृत म्हणजे ते घालून सिद्ध केलेला. शेवटीं मांसरस, तोहि याच रीतीनें. शोधन उत्तम झालें असेल तर प्रत्येक पायरी तीन जेवणांची, मध्यम असेल तर दोन, अल्प असेल तर एक. यामागील उपपत्ति आजच्या वैद्यकास मान्य असो वा नसो, त्यांतलें व्यवहारज्ञान स्पष्ट आहे. पातळपणा हें येथें सत्त्वाचें लक्षण मानलेलें नाहीं. ती एक पायरी आहे, आणि रोग्यानें तीवर किती वेळ थांबावें हेंहि मोजून दिलें आहे.

युरोपांतहि रस्सा हें रोग्याचें अन्न होतें. परंतु तेथें पायरीलाच मुक्काम समजण्याची चूक झाली. आज ज्याला आपण रेस्टॉरंट म्हणतों तें अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पॅरिसमध्यें एखाद्या जागेचें नांव नव्हतें. तें एका रश्श्याचें नांव होतें. गेलेली शक्ति परत आणून देणारा तो रेस्टॉरंट. मांस तासन्‌तास शिजवून, चोथा टाकून देऊन केलेला हा अर्क नाजूक प्रकृतीच्या लोकांस विकणारीं दुकानें १७६० नंतरच्या दशकांत तेथें निघालीं, आणि पुढें पदार्थाचें नांव दुकानालाच चिकटलें. वाटींत चोथा जितका कमी तितकें सत्त्व अधिक, ही समजूत या अर्काबरोबरच प्रतिष्ठित झाली.

अर्क हा श्रीमंत रोग्यांचा. गरिबांच्या वाट्यास शास्त्रोक्त सूप आलें तें काउंट रम्फर्डच्या हातून. बेंजामिन टॉम्सन हें त्याचें मूळ नांव. १७५३ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स प्रांतांत जन्मलेला हा गृहस्थ स्वातंत्र्ययुद्धांत इंग्रजांच्या बाजूस राहिला आणि पुढें बव्हेरियाच्या अधिपतीच्या सेवेंत चढत चढत सरदार झाला. १ जानेवारी १७९० रोजीं त्यानें म्यूनिक शहरांतले भिकारी पकडवून त्यांस उद्योगशाळेंत काम व अन्न देण्याची योजना सुरू केली. सडलेले जव, वाटाणे, बटाटे, पावाचे तुकडे, मीठ, व्हिनेगर आणि पाणी हें त्याचें सूप. तें मंद आंचेवर कित्येक तास ढवळीत शिजवावयाचें, आणि आंबट शेवटीं घालावयाचें. हें सूप चांगलें होतें. जव आणि वाटाणा ही जोडी आपल्या तांदूळ-मुगाच्या तोडीची आहे. चूक होती ती त्याच्या उपपत्तींत. थोड्याशा घन पदार्थावर माणसें पोसलीं जातात असें वाटून रम्फर्डनें अनुमान काढलें कीं, नीट शिजविलेल्या सुपांत पाणी स्वतःच अन्नाचें काम करूं लागतें. एका कर्तबगार माणसाचा हा भोळा समज. परंतु ज्यांना स्वस्तांत दानधर्म उरकावयाचा होता त्यांस तो फार सोयीचा पडला.

याच सुमारास फ्रान्समध्यें दुसरा प्रयोग चालला होता. हाडें दाबाखालीं शिजविण्याचें बंद भांडें डेनिस पापिन यानें १६७९ सालींच बनविलें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं डार्से नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें हाडांतून जिलेटिन काढून त्याचे रस्से रुग्णालयांस व अनाथांस पुरविण्याचा धडाका लावला. टाकाऊ हाडांतून अन्न निघतें, यापरतें काय हवें? पण खाणारे कुरकुरूं लागले, आणि शेवटीं फ्रेंच विज्ञान-अकादमीनें माजांदी या शरीरशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तिचा अहवाल १८४१ सालीं आला : नुसत्या जिलेटिनवर ठेवलेलीं कुत्रीं जगत नाहींत.

हा अहवाल ताजा असतांनाच आयर्लंडांत दुष्काळ पडला. १८४५ पासून बटाट्याचें पीक रोगानें जात होतें. १८४७ च्या फेब्रुवारींत ब्रिटिश पार्लमेंटनें सूपगृहांचा कायदा केला, आणि लंडनच्या रिफॉर्म क्लबचा नामांकित फ्रेंच आचारी अलेक्सिस सॉयर डब्लिनला आला. ५ एप्रिल रोजीं त्याचें नमुन्याचें सूपगृह समारंभानें उघडलें. घंटा वाजली कीं शंभर माणसें आंत येत, साखळीनें बांधलेल्या चमच्यांनीं सूप पीत, आणि पुन्हा घंटा होतांच पावाचा तुकडा घेऊन बाहेर पडत. सॉयरच्या एका प्रसिद्ध कृतींत २ गॅलन, म्हणजे सुमारे ९ लिटर, पाण्यास पाव पौंड मांस, २ औंस चरबी, अर्धा पौंड पीठ, अर्धा पौंड जव, थोडे कांदे व इतर भाज्या एवढाच ऐवज आहे. हिशेब केला तर एक लिटरभर सुपांतून माणसाला ३०० उष्मांकहि धड मिळत नाहींत. आणि कष्टकऱ्याला २००० हून कितीतरी अधिक लागतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकानें या सुपावर कडक टीका केली, ती यथार्थच होती.

तथापि येथें न्यायानें एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या वर्षींच्या जुलैंत आयर्लंडभर सुमारे तीस लाख लोकांस रोज शिजविलेलें अन्न मिळत होतें, आणि त्यानें असंख्य प्राण वाचले. पण तें वाचविलें कोणत्या सुपानें? पातळ सुपानें पोटें बिघडतात असें दिसून आल्यावर पुष्कळ ठिकाणीं मक्याचें पीठ व तांदूळ यांची दाट लापशी देऊं लागले. कागदोपत्रीं तिलाहि सूपच म्हणत. काम केलें तें या लापशीनें. आणि सप्टेंबर संपतां संपतां, दुष्काळ संपला नसतांना, सूपगृहें बंद करण्यांत आलीं. खरा अपराध हा होय.

तीस वर्षांनीं हाच प्रश्न दुसऱ्या रूपानें आपल्या दाराशीं आला. १८७६-७८ च्या दुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यानें दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी दिवसाला जवळजवळ एक पौंड धान्यावर आणून ठेवली. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं ती अपुरी असल्याचें सांगितलें. दख्खनेंत हजारों मजूर कामें सोडून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू मांडली. तेथें सूप नव्हतें. पण कमींत कमी किती दिलें असतां 'दिलें' असें म्हणतां येईल, हें मोजणारी बुद्धि तीच होती.

इकडे श्रीमंतांचा अर्कहि मागें राहिला नाहीं. १८४७ सालींच जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यानें मांसरसाचें महत्त्व प्रतिपादन केलें, आणि घरोघरीं रोग्याच्या उशाशीं गोमांसाचा काढा दिसूं लागला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या बाईंनीं १८५९ सालीं शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकांत यावर साधी तोड सांगितली : तो काढा आटवून पाहा, आणि तळाशीं उरतें किती तें बघा, जेमतेम चमचाभर. पण लोकांना चमचाभर सत्य नको होतें. १८६५ सालीं लीबिगच्या नांवानें कंपनी निघाली. तिचा कारखाना उरुग्वे देशांत फ्रे बेंतोस येथें होता, व ३० पौंडांहून अधिक मांसापासून एक पौंड अर्क तयार होई. पुढें स्वतः लीबिगलाहि कबूल करावें लागलें कीं हा अर्क मांसाची जागा घेऊं शकत नाहीं.

मग इतक्या शहाण्या माणसांची फसगत कां व्हावी? याचें उत्तर १९०८ सालीं जपानांत मिळालें. टोकियोचे प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनीं समुद्रशैवालाच्या रश्श्यांतून ग्लुटामेट हें द्रव्य वेगळें काढून दाखविलें. रश्श्याची जी भरलेली, तृप्त करणारी चव आपणांस लागते तिचें हें मूळ. ही चव आमिष अन्नाची वर्दी देते, आणि ती पाण्यांत सहज उतरते. खुद्द अन्न मात्र बव्हंशीं चोथ्यांतच राहतें. जीभ वर्दीला भुलते.

जिला पोरांचीं पोटें रोज भरावयाचीं असतात ती गृहिणी मात्र भुलली नाहीं. कोणत्याहि देशांतलें खरें घरगुती सूप घ्या, तळाशीं कडधान्य किंवा धान्य सांपडेल. बायबलांत एसावानें ज्यासाठीं आपला ज्येष्ठत्वाचा हक्क विकला तें मसुरीचें कालवण होतें. मोरोक्कोंत रमझानचा उपास ज्यानें सोडतात त्या हरीरा सुपांत हरभरे व मसूर असतात. हॉलंडचें वाटाण्याचें सूप असें दाट कीं चमचा उभा राहावा अशी अपेक्षा. स्वीडनांत तेंच दर गुरुवारीं करण्याची चाल आहे. इटलीच्या मिनेस्त्रोनेंत घेवड्याचे दाणे, आणि जपानच्या रोजच्या सुपांत सोयाबीनचा आंबविलेला गोळा कालवलेला. आणि जेथें रस पातळ आहे तेथें जोडीला भात आहे. तमिळ घरांतलें मिळगु-तण्णीर, म्हणजे मिरपाणी, भातावर ओतून खावयाचें. साहेबलोकांनीं तें उचलून 'मलिगाटॉनी' या नांवानें नुसतें बशींत घेतलें, तेव्हां त्यांत मांस घालावें लागलें. आमची कटाची आमटी घ्या. डाळीवरचें पाणी आमटींत जातें, पण डाळ पुरणांत जाऊन त्याच पानावर येते. हिशेब चुकत नाहीं.

यावरून घरीं सूप करणारास जे नियम निघतात ते थोडे आहेत. माणशीं निदान मूठभर, म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास, मूग, मसूर किंवा वाटाणे घ्यावे. मुगांत सुमारे चोवीस टक्के प्रथिनें असतात, म्हणजे मुठींत सात ग्रॅम आलीं. तीं मऊ शिजवून घोटावीं. गाळलीं तर बहुतेक सारें फडक्यांत राहतें. कोकम, टोमॅटो, लिंबू हें आंबट डाळ शिजल्यावरच घालावें, कारण आंबटांत कडधान्य शिजत नाहीं. रम्फर्डचा व्हिनेगर शेवटीं पडे, तो उगीच नव्हे. गाजर, भोपळा, पालक या भाज्या मागाहून घालाव्या, आणि चमचाभर तूप किंवा तेल असूं द्यावें, म्हणजे त्यांतला गुण अंगीं लागतो. मग जिरें-आलें घातलें तर तें कढण, मिरपूड व पावाचे तुकडे घातले तर हॉलंडचें सूप, दालचिनी व कोथिंबीर घातली तर मोरोक्कोची आठवण. पाया सर्वांचा एकच.

आतां निवाड्याची गोष्ट. मुलाच्या पाकिटावरील बारीक अक्षरें मीं मोठ्यानें वाचलीं. मक्याचें पीठ, साखर आणि मीठ यांचीं नांवें भाजीच्या आधीं होतीं. तो निरुत्तर झाला. पण मातुःश्रींनाहि मीं विचारलें, "आई, कढण गाळतेस, मग सत्त्व कोठें राहिलें?" त्या म्हणाल्या, "अरे, गाळायचें तें आजच्यापुरतें. उद्यां थोडे मूग चुरडून घालीन, परवां सगळे, आणि तेरवां मऊ भात. पाण्यावर का कोणी पोर ठेवतें?" त्यांनीं चरक वाचलेला नाहीं, आणि माजांदीचें नांवहि त्यांच्या कानांवर गेलेलें नाहीं. चौथ्या दिवशीं मुलगी उठून बसली व भात मागूं लागली. उरलेलीं पाकिटें अद्याप फडताळांत आहेत.