इंधनटाकी, यंत्रनौकेची
यंत्रनौकेच्या तळात, डेकखाली कायमची बसवलेली इंधनाची टाकी. ती पुष्कळदा ॲल्युमिनियमची असते आणि बहुधा बाहेरून कुजते. भोवतीच्या फोममध्ये ओल मुरून राहते व पत्र्याला बारीक छिद्रे पडतात. जबलपूरजवळ नर्मदेवरील बरगी जलाशयासारख्या गोड्या पाण्यात ही झीज समुद्रापेक्षा सावकाश होते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषते, पाणी फार झाले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते.

टाकी बदलताना खरा धोका इंधनापेक्षा वाफेचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने नौकेच्या तळाशी साचते. म्हणून बॅटरीची जोडणी आधी सोडवतात, इंधन उपसतात, तळ हवेशीर करतात आणि मगच डेक कापतात. नवी टाकी पॉलिएथिलीनची असल्यास ती इंधनाने किंचित फुगते, तेवढी जागा मोकळी ठेवावी लागते. जुने रबरी नळही सोबतच बदलतात. शेवटी हलक्या हवादाबाखाली सांध्यांवर साबणाचे पाणी लावून गळती तपासतात. उपसलेल्या जुन्या टाकीत वाफ उरतेच; तिला वेल्डिंगचे ठिगळ लावणे जिवावर बेतू शकते.