होळकरांचा काचेचा पलंग

पनवेल असो की पुणे, जुन्या वाड्यात घरधन्याची ऐपत दिवाणखान्यातच कळायची. लोड-तक्के, हंड्या-झुंबरं, भिंतीवर बिलोरी आरसे. शेजघराकडे पाहुण्याने बघायचंही नाही.

व्हर्सायला रीत उलटी. चौदाव्या लुईच्या पलंगापुढे कठडा होता आणि तो ओलांडून आत कोणी यायचं हे ठरलेलं असे. राजा निजायला निघाला की मेणबत्ती धरायचा मान आज कोणाला, याकडे सरदारांचे डोळे लागलेले. १६८४ साली पुऱ्या झालेल्या आरसेमहालात ३५७ आरसे बसले, तेही व्हेनिसची मक्तेदारी मोडून फ्रान्समध्येच घडवलेले. पाहुण्या वकिलांनी हे सगळं डोळे विस्फारून पाहावं, हाच हेतू.

हा थाट पुढे इंदूरच्या होळकरांनीही उचलला. १८८६ साली सुरू झालेला लालबाग राजवाडा तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात, १९२१च्या सुमारास पूर्ण झाला. सोनेरी नक्षीची छतं, भलीमोठी झुंबरं, संगमरवर; आणि फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीचं.

त्यांच्या मुलाला, यशवंतरावांना, यातलं काहीच नको होतं. ऑक्सफर्डला शिकलेल्या या तरुणाच्या हाती १९३० साली कारभार आला आणि त्याच वर्षी त्यांनी एकार्ट मुथेसियस या पंचविशीतल्या जर्मन वास्तुविशारदाला माणिकबाग हा राजवाडा बांधायला दिला. सामान मात्र बरंचसं पॅरिसचं. अभ्यासिकेत रुलमानचं मेज, शिवाय आयलीन ग्रेची आरामखुर्ची, दा सिल्वा ब्रुन्सचे गालिचे. ग्रंथालयातल्या लाल खुर्च्या खुद्द मुथेसियसच्या. वाचायला दिवे खुर्चीतच बसवलेले. आणि शेजघरात लुई सोन्यो व शार्लोत आलिक्स या जोडीने केलेला धातूचा नि काचेचा पलंग. नक्षी नाही, सोन्याचा मुलामा नाही. लालबागेच्या मानाने हे सगळं उघडंबोडकं वाटावं, पण श्रीमंती तीच, किंबहुना चढीच. झुंबर कोणताही संस्थानिक टांगू शकत होता. रुलमानकडून मेज करून घ्यायला आधी रुलमान कोण हे ठाऊक असावं लागे.

१९६१ साली यशवंतराव गेले. १९८०च्या मे महिन्यात सदबीजने माणिकबागेतलं सामान मोनॅकोत लिलावात काढलं. वास्तूत सीमाशुल्क आणि अबकारी खात्याचं कार्यालय आलं. २०१९ साली पॅरिसच्या शोभाकला संग्रहालयाने या महाराजांवर प्रदर्शन भरवलं, तेव्हा फ्रेंचांनी आपल्याच कारागिरांचं काम इंदूरच्या नावाने पाहिलं.