कोअर कटिंगमधील धूळनियंत्रण
वीट, दगड वा काँक्रीटमध्ये हिरेकणी बसवलेल्या पोकळ बिटने नळासाठी गोल भोक पाडताना उडणारी धूळ रोखण्याची पद्धत. वाळू, खडी व विटांतील सिलिकाचे सूक्ष्म कण फुप्फुसांत साचून सिलिकोसिस हा असाध्य रोग होतो. बिटवर पाण्याची संततधार धरल्यास धूळ जागीच बसते, बिटही थंड राहते; गाळ ओला असतानाच उचलतात. पाणी चालत नसेल तेथे भोकाभोवती शोषक आवरण बसवून हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) गाळणीचा व्हॅक्यूम जोडतात. अशा धुळीचा धोका स्थलांतरित मजुरांनाही असतो: नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा, धडगाव भागांतले आदिवासी मजूर कामासाठी गुजरातेत जातात. शेजारच्या मध्य प्रदेशातील अलिराजपूर, झाबुआचे मजूर गुजरातेतील गोध्र्याच्या दगडभुकटी कारखान्यांतील धुळीने दगावले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. तोंडाला बांधलेला रुमाल सिलिकाचे सूक्ष्म कण अडवत नाही.