बारा नारळांचा कवी : जयराम पिंड्ये आणि शहाजीराजांचे बंगळूर

वाङ्मयाचा इतिहास एकेका भाषेला केंद्रस्थानी ठेवून लिहिण्याची पद्धत आपल्याकडे एकोणिसाव्या शतकापासून रूढ झाली. तिचे लाभ उघड आहेत. तथापि ज्या कवीची निर्मिती एका भाषेच्या चौकटीत मावत नाही, त्याची नोंद कोठे करावयाची, या प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी नाही. सतराव्या शतकाच्या मध्यास बंगळुरात शहाजीराजे भोसले यांच्या आश्रयास आलेला जयराम पिंड्ये हा असा कवी होय. संस्कृत वाङ्मयाच्या इतिहासात तो उत्तरकालीन म्हणून मागे पडतो. ग्रंथ संस्कृत म्हणून मराठीच्या इतिहासात त्याला ओझरते स्थान मिळते. आणि कन्नड वाङ्मयाच्या इतिहासाला तो परका वाटतो. उरतात ते इतिहाससंशोधक. त्यांना तो हवा असतो, परंतु कवी म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून.

जयराम मूळचा नाशिककडचा. पित्याचे नाव गंभीरराव, मातेचे गंगांबा. सप्तशृंगीजवळच्या मार्कंडा किल्ल्याशी या घराण्याचा अधिकारी म्हणून संबंध होता. तेथून तो दक्षिणेत आला, कारण दक्षिणेत त्या वेळी एक नवी सत्ता उभी राहत होती. 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांच्या वंशजांकडून बंगळूर घेतले आणि त्या मोहिमेतील प्रमुख सरदार शहाजीराजे यांचे ते निवासस्थान झाले. वरची सत्ता आदिलशाही, तिची राजभाषा फारसी, कारभारी व शिलेदार बहुतांशी मराठी, रयत कन्नड. 1664 मध्ये होदिगेरे येथे शहाजीराजांचा मृत्यू झाला, तोपर्यंतची सुमारे पाव शतकाची ही राजवट म्हणजे जयरामाच्या काव्याची भूमी.

‘राधामाधवविलासचंपू’ हा त्याचा प्रमुख ग्रंथ. गद्यपद्यमिश्रित चंपूचा प्रकार संस्कृतात जुनाच आहे. ग्रंथाच्या पूर्वभागात राधा व कृष्ण यांचा विलास येतो. उत्तरभागात शहाजीराजांचे वैभव, त्यांची सभा, तेथील समस्यापूर्तीचे प्रसंग आणि शेवटी देशभाषांतील स्तुतिपद्ये येतात. राजदर्शनाच्या वेळी कवीने बारा नारळ पुढे ठेवले, आणि त्यांचा अर्थ विचारला असता आपण बारा भाषांत कविता करतो असे सांगितले, हा या ग्रंथातील सर्वाधिक परिचित प्रसंग. संस्कृत व प्राकृत यांच्या जोडीला गुर्जर, ढुंढारी, पंजाबी, हिंदुस्तानी, ग्वाल्हेरची गोपाचलीय, कर्नाटकी अशी नावे त्याच्या भाषांत आढळतात. यावनी आणि दाक्षिणात्य यावनी या दोन भाषा तो वेगळ्या मोजतो, हेही लक्षणीय आहे. दरबारातील फारसी आणि दख्खनच्या बाजारात व छावणीत बोलली जाणारी भाषा यांतील अंतर या ब्राह्मण कवीला नेमके ठाऊक होते.

या बारा भाषांचा अर्थ कसा लावावयाचा? कवीच्या विद्वत्तेचे प्रदर्शन एवढेच उत्तर अपुरे आहे. प्रत्येक भाषेत त्याचे प्रभुत्व सारखे होते असे मानण्याचेही कारण नाही. राजस्तुतीच्या या पद्यांत भाषा हे आशयाचे वाहन कमी आणि भूगोलाचे चिन्ह अधिक आहे. ढुंढारीतील स्तुती म्हणजे राजस्थानपर्यंत पोहोचलेली कीर्ती. पंजाबीतील स्तुती म्हणजे त्याहून दूरची. चंपूतील एका हिंदी पद्यात, सृष्टीच्या रक्षणासाठी कोणाची योजना केली आहे, असे जगदीश ब्रह्मदेवाला विचारतो. उत्तरेस शहाजहान आणि दक्षिणेस शहाजी, असे उत्तर येते. नामसाधर्म्यावर बेतलेली ही कल्पना वरवर चाटूक्ती वाटते. पण विजापूरच्या एका सरदाराला दिल्लीपतीच्या पंक्तीला बसवणारे हे पद्य उत्तरेच्या भाषेत आहे, ही गोष्ट आकस्मिक नव्हे. राज्याभिषेक न झालेल्या, मांडलिक असलेल्या पुरुषाला सार्वभौमत्वाची भाषा येथे कविता पुरवीत आहे, आणि त्यासाठी तिला एक भाषा पुरत नाही.

हा मुद्दा स्पष्ट होण्यासाठी जयरामाचा समकालीन, पश्तूचा श्रेष्ठ कवी व पंडित खुशालखान खटक (1613–1689) याच्याकडे पाहणे उपयुक्त ठरते. दख्खनमध्ये आलेले पठाण सरदार फारसीच्या छत्राखाली नांदत होते. त्याच काळात त्यांच्या मूळ प्रदेशात खुशालखान आपली बोली ज्ञानभाषेच्या पदाला नेत होता. खटक टोळीचा हा प्रमुख मोगलांचा मनसबदार होता. 1664 मध्ये औरंगजेबाने त्याला कैद केले आणि रणथंभोरच्या बंदिवासात त्याने ‘दस्तारनामा’ हा नेतृत्वगुणांवरील गद्यग्रंथ लिहिला. ससाण्याच्या शिकारीवर ‘बाझनामा’ लिहिला, विपुल कविता रचली आणि पुढे मोगलांविरुद्ध शस्त्रही धरले. फारसीत जे विषय प्रतिष्ठित होते ते पश्तूत आणणे, हा त्याचा मार्ग. एकाच भाषेची खोली वाढवून तो आपल्या लोकांना राजकीय ओळख देतो. जयराम अनेक भाषांचा विस्तार मांडून आपल्या आश्रयदात्याला ती देतो. खुशालखान स्वतः सत्ताधारी होता, जयराम आश्रित. हा भेद विसरता येत नाही. परंतु साम्राज्याच्या कडेवर उभ्या राहणाऱ्या सत्तांना काव्याची गरज होती, ही बाब दोहोंत समान आहे.

उत्तरकाळी दोघांना वेगवेगळे नशीब लाभले. एकभाषिक वाङ्मयेतिहासाने खुशालखानाला पश्तूचा महापुरुष केले. जयरामाच्या चंपूला वि. का. राजवाडे यांनी 1922 मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रकाशात आणले, हे ऋण थोर आहे; मात्र त्यानंतरची चर्चा प्रामुख्याने शहाजीराजांच्या चरित्राभोवती फिरत राहिली. 1673 मध्ये शिवाजी महाराजांच्या सैन्याने पन्हाळा घेतला, त्यावर जयरामाने रचलेल्या ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ या काव्याचीही हीच गत झाली. तारखा, नावे, स्वाऱ्या वेचून घेतल्या गेल्या. काव्यरचना मागे राहिली. राधामाधवाच्या शृंगारकथेला राजसभेचे वर्णन का जोडले, हा प्रश्न साहित्याचा आहे. तो पुराव्याच्या शोधात निघालेल्या वाचकाला पडत नाही.

बंगळूर 1687 मध्ये मोगलांनी घेतले आणि लवकरच ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेले. भोसल्यांची ही शाखा त्याआधीच तंजावरला स्थिरावली होती. तेथे व्यंकोजीराजांचा पुत्र, दुसरा शहाजी (कारकीर्द 1684–1712), याने ‘पंचभाषाविलास’ हे संस्कृत, मराठी, तेलुगू, तमिळ व हिंदी अशा पाच भाषांचे नाटक रचले. येथे भाषा स्तुतिपाठकांच्या मुखातून उतरून नाटकातील पात्रांच्या मुखी आल्या. आजोबांच्या सभेतील बहुभाषिक संकेत नातवाच्या रंगभूमीवर असा रूपांतरित झालेला दिसतो. प्रत्यक्ष प्रभावाचा दावा न करताही, एका घराण्याने दोन पिढ्यांच्या अंतराने भाषाबाहुल्याला राजवैभवाचे लक्षण मानले, एवढे निश्चित म्हणता येते.

ही परंपरा मराठीची की संस्कृतची, कर्नाटकाची की तमिळ देशाची, असा वाद घालण्यात अर्थ नाही. जयरामाचे बारा नारळ बारा भाषांच्या अभ्यासकांनी आपापसांत वाटून घेतले, तर प्रत्येकाच्या हाती एकेक किरकोळ पद्य लागेल. ते एकत्र वाचले तरच त्यांतून शहाजीराजांची सभा उभी राहते. तौलनिक साहित्याभ्यासाने हाती घ्यावयाचे काम येथे आहे. आणि ते बंगळुरातील कन्नड, मराठी, दख्खनी व संस्कृत जाणणाऱ्यांनी सहकार्याने केल्यावाचून होणारे नाही.